वृक्षांचे कैवारी श्रीगुरू जांभोजी

ज्ञातीच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले. आम्ही ज्यांचे नाव सुचविले ते आपल्या सुतार ज्ञातीचे नव्हेत आणि आपल्या प्रांतातलेही नव्हेत. उलट, हिरवे झाड तोडू नये असा नियम ज्यांनी एका संपूर्ण समाजास घालून दिला, असे ते मारवाडातील सत्पुरुष. कुऱ्हाड, वाकस आणि करवत यांवर ज्यांच्या पिढ्या पोसल्या गेल्या, त्यांनी अशा पुरुषाचे चरित्र का वाचावे, असा प्रश्न एका सन्मान्य सभासदाने विचारलाही. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी आपोआप मिळेल, अशी आमची समजूत आहे. चरित्रातील चमत्कारांच्या कथा भाविकांच्या श्रद्धेवर सोपवून, जे घडले आणि टिकले तेवढेच येथे मांडण्याचा आमचा यत्न आहे.

जन्म आणि देश

श्रीगुरू जांभोजी, ज्यांस जंभेश्वर असेही म्हणतात, यांचा जन्म विक्रम संवत १५०८, म्हणजे इसवी सन १४५१ मध्ये, सध्याच्या राजस्थानातील नागौर जिल्ह्यात पीपासर या गावी झाला. पित्याचे नाव लोहटजी, मातेचे हंसादेवी. कुळ पंवार राजपुतांचे. तिथी गोकुळाष्टमीची, म्हणून भक्तजन त्यांचा श्रीकृष्णाशी संबंध जोडतात. तो काळ मारवाडात राठोडांची सत्ता स्थिर होण्याचा होता. राव जोधा यांनी १४५९ मध्ये जोधपूर वसविले, तेव्हा जांभोजी आठ वर्षांचे होते. जोधा यांचे पुत्र राव बिका यांनी १४८८ मध्ये बिकानेर वसविले, तेव्हा ते सदतिसाव्या वर्षात होते.

हा देश म्हणजे थरचे वाळवंट. पाऊस थोडा, तोही बेभरवशाचा. पश्चिमेकडे वर्षाकाठी चारपाच इंच, पूर्वेकडे पंधरासोळा इंच. विहिरी खोल आणि पुष्कळ ठिकाणी पाणी खारट. वाऱ्याबरोबर वाळूच्या टेकड्या सरकतात. तेथील भाषेत अशा टेकडीस धोरा म्हणतात. अशा भूमीत माणूस टिकतो तो तीन आधारांवर: बाजरीचे पीक, गुरेढोरे आणि रानातील झाडेझुडपे. पैकी पहिले दोन आधार पावसासरशी कोसळतात. तिसरा आधार मात्र दुष्काळातही बराच काळ उभा राहतो. जांभोजींच्या कार्याचे मर्म या एका गोष्टीत आहे, असे आम्हांस वाटते.

गुराख्याचे जीवन

बालपणी जांभोजी फार अबोल होते. वयाच्या सातव्या वर्षापर्यंत ते बोललेच नाहीत, अशी आख्यायिका आहे. पुढे सुमारे सत्तावीस वर्षे त्यांनी गाई राखल्या. घरची स्थिती चांगली असूनही त्यांनी विवाह केला नाही. कोणा पंतोजींच्या शाळेत त्यांनी अध्ययन केल्याची हकिकत प्रसिद्ध नाही. त्यांची शाळा म्हणजे रान. आम्ही उभा जन्म शाळेत काढला, तरी रानाच्या शाळेची थोरवी आम्हांस मान्य करावी लागते. कोणत्या महिन्यात कोणते झुडूप पालवते, हरणे कोठे पाण्यावर येतात, कोणत्या झाडाखालचे गवत शेवटपर्यंत हिरवे राहते, हे गुराख्यास जितके कळते तितके कोणासही कळत नाही. पुढे त्यांनी जे नियम घालून दिले, त्यांवर या निरीक्षणाची छाप स्पष्ट दिसते.

मातापित्यांच्या निधनानंतर त्यांनी घरदार आणि संपत्ती यांचा त्याग केला व समराथळ नावाच्या धोऱ्यावर राहू लागले. हे स्थान बिकानेर जिल्ह्यात नोखा गावाच्या बाजूस आहे.

दुष्काळ आणि पंथस्थापना

विक्रम संवत १५४२, म्हणजे इसवी सन १४८५, हे वर्ष त्या भागात घोर दुष्काळाचे ठरले. अशा वेळी मारवाडी शेतकऱ्याची जुनी वाट ठरलेली असे: गाडीत संसार भरावयाचा, गुरे पुढे घालावयाची आणि माळव्याच्या दिशेने चालू लागावयाचे. जाण्यापूर्वी विकण्यासारखे आणि जाळण्यासारखे जे असेल ते तोडून न्यावयाचे. परत आल्यावर गाव पूर्वीपेक्षा उजाड दिसे आणि पुढचा दुष्काळ अधिक लवकर माणसांना गाठी. जांभोजींनी लोकांस अन्नधान्याचे साहाय्य करून गावातच थोपवून धरले, असे परंपरा सांगते. त्याच वर्षी कार्तिक वद्य अष्टमीस समराथळावर त्यांनी मंत्रित जल, ज्यास तिकडे पाहळ म्हणतात, पाजून लोकांस दीक्षा दिली. त्यांचे चुलते पूल्होजी हे पहिले अनुयायी झाले. अनुयायांत जाटांची संख्या मोठी होती, तथापि इतर अनेक जातींचे लोकही त्यात आले आणि एक समाज झाले.

त्यांनी एकूण एकोणतीस नियम दिले. वीस आणि नऊ मिळून तिकडच्या बोलीत बीस-नौ, त्यावरून या समाजास बिश्नोई हे नाव पडले, असा अर्थ बहुतेक सांगतात. विष्णूची उपासना करणारे म्हणून हे नाव, असेही काही मानतात. या नियमांत प्रातःस्नान आहे, सत्य भाषण आहे, क्षमा आणि दया आहे. चोरी, निंदा, अफू, तंबाखू, भांग, मद्य आणि मांस यांचा निषेध आहे. असे नियम सांगणारे संत आपल्या देशात पुष्कळ झाले. जांभोजींचे वैशिष्ट्य पुढच्या नियमांत आहे. हिरवे झाड तोडू नये. प्राणिमात्रांवर दया करावी. बकऱ्या-मेंढ्यांचे नर कसायास न विकता त्यांच्यासाठी सामायिक निवारा चालवावा. बैलाचे खच्चीकरण करू नये. पाणी व दूध गाळून घ्यावे. आणि सरपणही चुलीत घालण्यापूर्वी झाडून, निरखून घ्यावे, म्हणजे त्यातील किडामुंगी जळणार नाही. सरपणाच्या काटकीपर्यंत ज्यांची दृष्टी पोचली, त्यांनी नियम केवळ ध्यानात बसून केले नव्हते, हे उघड आहे.

खेजडीचे झाड

आता ज्या झाडाभोवती हा सारा इतिहास फिरतो त्याची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. मारवाडात ज्यास खेजडी म्हणतात, ती म्हणजे आपली शमी, ग्रामीण भाषेत सौंदड. दसऱ्यास आपण जिचे पूजन करतो आणि पांडवांनी अज्ञातवासात जिच्यावर शस्त्रे लपविल्याची कथा मुलांस सांगतो, ती हीच. दुर्दैवाने आपल्याकडे पुष्कळांस तिची ओळख पूजेच्या ताटातील डहाळीपुरती राहिली आहे. मारवाडी शेतकऱ्यास ती पोटाशी बांधलेली आहे.

खेजडीचे मूळ जमिनीत फार खोल जाते. त्यामुळे वरची जमीन भाजून निघाली तरी झाड खालच्या ओलाव्यावर जगते आणि इतर झाडे उघडी पडलेली असतात त्या ऐन उन्हाळ्यात हिला पालवी फुटते. हिचा वाळलेला पाला, ज्यास तिकडे लूंग म्हणतात, शेळ्या, उंट आणि गुरे यांचा उत्तम चारा होय. कोवळ्या शेंगांस सांगरी म्हणतात. त्यांची भाजी ताजी होते आणि वाळवून वर्षभर ठेवता येते. झाड शिंबावर्गातील असल्याने जमिनीतील नत्र वाढविते, तसेच गळलेल्या पाल्याने माती कसदार होते. म्हणून आपल्याकडे बांधावरच्या झाडाखाली पीक खुरटते अशी तक्रार ऐकू येते, तर मारवाडात खेजडीखालची बाजरी चांगली येते. वाळू धरून ठेवण्याचे कामही तिची मुळे करतात. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० साली, जो भयंकर दुष्काळ पडला आणि जो छप्पनिया या नावाने अद्याप स्मरणात आहे, त्यात लोकांनी खेजडीची साल दळून खाल्ली आणि जीव जगविला.

असे झाड जिवंत असताना तोडणे म्हणजे एका दिवसाच्या सरपणासाठी पुढील पन्नास वर्षांचा चारा, भाजी आणि कस जाळणे होय. हा हिशेब त्या भूमीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक असणार. परंतु ठाऊक असणे निराळे आणि पाळणे निराळे. उपाशी माणूस हिशेब विसरतो. जांभोजींनी हा हिशेब धर्माच्या नियमांत बसविला, म्हणजे उपाशी माणसालाही तो मोडताना लाज वाटावी. लोकांच्या अंगी असलेले ज्ञान त्यांनी लोकांच्या व्रतात घातले. आमच्या अल्पमतीप्रमाणे हेच त्यांचे सर्वांत मोठे कार्य.

मग त्या समाजाची लाकडाची गरज भागली कशी, असे आपला कारागीर वाचक अवश्य विचारील. नियम हिरव्या झाडाचा आहे. वाळलेल्या झाडाचा नाही. घर, नांगर, गाडा यांस जे लाकूड लागे ते वठलेल्या किंवा वाऱ्याने उन्मळलेल्या झाडाचे घेत. सुताराने झाड मरेपर्यंत वाट पाहावयाची, असा तेथला रिवाज. चुलीस शेणी आणि वाळक्या काटक्या चालत. प्रेतदहनासही लाकूड जाळू नये, म्हणून बिश्नोई समाजात मृतास भूमीत पुरण्याचा प्रघात पडला. आयुष्यभर पाळलेला नियम शेवटच्या क्षणीही मोडू द्यावयाचा नाही, इतकी ही काटेकोर व्यवस्था.

उत्तरायुष्य

पुढील सुमारे पन्नास वर्षे जांभोजींनी गावोगाव फिरून उपदेश केला. त्यांची एकशेवीस वचने मारवाडी बोलीत आहेत आणि सबदवाणी या नावाने त्यांचा संग्रह झालेला आहे. त्यांनी पंडितांची भाषा न वापरता गुराख्याची व नांगरणाऱ्याची भाषा वापरली. राजेरजवाडेही त्यांच्या दर्शनास येत. मेडत्याचे राव दूदा यांस त्यांनी लाकडाची तलवार दिली आणि पुढे त्यांचे गेलेले राज्य परत मिळाले, अशी दंतकथा तिकडे सांगतात.

फलोदीच्या बाजूस त्यांनी एक तलाव खोदविला. त्यास जांभोलाव म्हणतात. तेथे जाणारे यात्रेकरू तलावातील माती स्वहस्ते काढून काठावर नेऊन टाकतात. यात्रा होते, पुण्यही पदरी पडते आणि तलावाचा गाळही निघतो. आपल्या तीर्थक्षेत्री नदीत निर्माल्य टाकणाऱ्यांनी या रिवाजाचा विचार करावा, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.

विक्रम संवत १५९३, इसवी सन १५३६ मध्ये, मार्गशीर्ष वद्य नवमीस लालासर येथे त्यांनी देह ठेविला. समाधी मुकाम या गावी आहे. तेथे फाल्गुन आणि आश्विन महिन्यांच्या अमावास्येस मोठ्या यात्रा भरतात.

नियमाची कसोटी

गुरू हयात असताना नियम पाळणे सोपे असते. खरी परीक्षा गुरूच्या पश्चात होते. जांभोजींच्या निधनानंतर १९४ वर्षांनी ती आली.

१७३० साली जोधपूरचे महाराज अभयसिंह यांच्या बांधकामासाठी चुन्याच्या भट्ट्या पेटवावयाच्या होत्या. भट्टीस सरपण हवे होते. जोधपूरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर खेजडली नावाचे बिश्नोई गाव होते आणि तेथे खेजडीची दाट झाडे होती. गिरधर भंडारी या अधिकाऱ्याच्या हुकमाने तोडणारे तेथे आले. अमृतादेवी नावाची स्त्री प्रथम पुढे झाली. झाडे सोडावीत म्हणून पैसे भरण्याची अट पुढे आली, असे सांगतात. ती तिने नाकारली, कारण लाच देऊन पाळलेला नियम हा नियमच नव्हे. तिने झाडास मिठी मारली आणि कुऱ्हाड तिच्यावर चालली. पाठोपाठ तिच्या तीन मुली, आसू, रत्नी आणि भागू, यांनीही तेच केले. वार्ता पसरताच आसपासच्या ऐंशीहून अधिक गावांतले बिश्नोई तेथे आले आणि एकामागून एक झाडांना बिलगले. ३६३ माणसे मारली गेली. तो दिवस भाद्रपद शुद्ध दशमीचा होता.

महाराजांच्या कानी हे गेले तेव्हा त्यांनी तोड थांबविली, क्षमा मागितली आणि बिश्नोई गावांच्या हद्दीत हिरवे झाड तोडण्यास व शिकार करण्यास मनाई करणारा ताम्रपट दिला, असा वृत्तांत आहे. पुढे १९७३ मध्ये हिमालयात झाडांना मिठी मारून जंगल वाचविण्याचे जे चिपको आंदोलन झाले, त्याच्या संदर्भात खेजडलीचे स्मरण नेहमी केले जाते. १९८३ मध्ये राजस्थान शासनाने खेजडीस राज्यवृक्ष मानले. वनरक्षणात प्राण गमावलेल्यांच्या स्मरणार्थ आपल्या देशात ११ सप्टेंबर हा दिवस पाळतात, तोही खेजडलीचीच आठवण म्हणून.

तथापि सर्व कुशल आहे असे समजू नये. भूजल खोल गेल्याने आणि मुळे पोखरणाऱ्या किडीने व बुरशीने राजस्थानात खेजडीची झाडे गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणात वठली आहेत. अलीकडे सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी जमिनी मोकळ्या करताना ती तोडली गेल्याबद्दल बिकानेरकडे बिश्नोई व इतर ग्रामस्थ यांनी आंदोलनेही केली. म्हणजे कसोटी संपलेली नाही. ती प्रत्येक पिढीला नव्याने द्यावी लागते.

आपणांसाठी बोध

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. आमचे तीर्थरूप गावचे बलुतेदार सुतार होते. नांगर, कुळव, पाभर, गाडी, सारे त्यांच्या हातचे. ते झाड तोडीत, पण कसे तोडीत हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. पालवीत असलेल्या झाडास ते हात लावीत नसत. तोड हिवाळ्यात आणि वद्यपक्षात करावी, म्हणजे लाकडास कीड लागत नाही, असा त्यांचा कटाक्ष. बाभळ पुरती जून झाल्यावाचून नांगरास घेत नसत. झाडावर घरटे असेल तर पिले उडेपर्यंत शेतकऱ्यास थांबवून ठेवीत. जांभोजींचे नाव त्यांनी ऐकलेही नसेल. परंतु झाडावर ज्याचे पोट आहे त्यास झाडाची मर्यादा कळते, हे ज्ञान त्यांच्यापाशी होते. पुढे बलुते गेले, ठेकेदार आले, लाकूड घनफुटांवर मोजले जाऊ लागले आणि ते ज्ञान विचारणारा कोणी राहिला नाही.

आम्ही स्वतः मॅट्रिक होऊन शिक्षक झालो आणि हातातील वाकस सुटला. त्याबरोबर वडिलांची मर्यादाही सुटली, याची कबुली येथे देतो. आम्ही मुख्याध्यापक असताना शाळेच्या आवारातील एक जुना कडुनिंब नव्या खोलीसाठी तोडावयाचा ठरला. खोली दहा फूट पलीकडे सरकविली असती तर झाड वाचले असते. हे आम्हांस कळत होते. आराखडा पुन्हा मंजूर करून घेण्याचा त्रास नको, म्हणून आम्ही मुकाट्याने सही केली. पुढच्या चैत्रात पत्र्याच्या खोलीत घामाने निथळणारी मुले पाहताना वडिलांची आठवण झाली. अमृतादेवीस झाडासाठी शिर द्यावे लागले. आमच्याकडे एका अर्जाचा कागद मागितला होता, तोही आम्ही दिला नाही.

ज्ञातिसभांची इतिवृत्ते आम्ही पुष्कळ वाचली. हुंडा घेऊ नये, लग्नात डामडौल करू नये, प्रत्येक कुटुंबाने झाड लावावे, असे ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतात आणि वहीत झोपी जातात. जांभोजींचे ठराव २४५ वर्षांनीही जागे होते. कारण ते त्या भूमीच्या गरजेतून निघाले होते, रोजच्या चुलीशी आणि गोठ्याशी बांधलेले होते आणि ते मोडणाऱ्यास समाजात मान नव्हता. यास्तव आमची एक लहानशी सूचना आहे. स्मरणिकेत देणगीदारांची यादी आपण आदराने छापतो. तिच्याशेजारी आणखी एक यादी छापावी: ज्यांनी लावलेले सौंदड, बाभूळ किंवा कडुनिंब यांचे झाड तीन उन्हाळे ओलांडून जिवंत आहे, त्यांची. लावलेल्या झाडाची नव्हे, जगलेल्या झाडाची. शक्य झाल्यास पुढील वर्षी त्या यादीत आमचेही नाव असावे, म्हणून घरामागे सौंदडीचे एक रोप आम्ही लावले आहे. त्यास हा पहिलाच उन्हाळा आहे.

ज्या गुराख्याने वाळवंटात एका समाजाला झाडाचा शेजारधर्म शिकविला, त्या श्रीगुरू जांभोजींच्या चरणी आमचे विनम्र अभिवादन. इत्यलम्.